पाळकाने समुपदेशन शिकायचं ठरवलं, तर पदवी कशी निवडावी?

प्रश्न विचारणारे जालना जिल्ह्यातले तरुण पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, आहेत. बी.डी. (धर्मशास्त्राची पदवी) झालेलं, तीन गावांच्या मंडळ्या (चर्चचे समुदाय) त्यांच्याकडे. रविवारची उपासना संपली की दोघं-तिघं मागे रेंगाळतात. कुणाचा नवरा पितो, कुणाच्या घरात सासू-सुनेचं बोलणं बंद, कुणाला महिनोन्‌महिने झोप नाही. ते लिहितात, ‘मी प्रार्थना करतो, वचन वाचतो, पण त्यापुढे काय करायचं ते सेमिनरीत (पाळकांच्या महाविद्यालयात) कुणी शिकवलं नाही. आता दोन वर्षं काढून शिकायचं आणि परत गावातच यायचं आहे. सेरामपूरचं एम.टीएच. (धर्मशास्त्रातली पदव्युत्तर पदवी) करू, विद्यापीठातून मानसशास्त्रात एम.ए. करू, की परदेशी संस्थेचा ऑनलाइन ख्रिस्ती समुपदेशनाचा कोर्स घेऊ?’

मी रुग्णालयात चॅपलेन (रुग्णांची आध्यात्मिक सेवा करणारी व्यक्ती) म्हणून काम केलं आहे आणि गेली अनेक वर्षं पाळकांना हेच शिकवते आहे. माझं उत्तर आधीच सांगते: पदवीचं नाव नंतर बघा. आधी त्या संस्थेला विचारा की, माणसांशी मी जे बोलेन ते कोण तपासणार आणि किती वेळा. याचं नेमकं उत्तर ज्यांच्याकडे आहे तिथे जा, मग ती संस्था लहान का असेना. ‘आमच्याकडे ग्रंथालय उत्तम आहे’ असं उत्तर आलं, तर तिथे वाचायला जा, समुपदेशन शिकायला नको.

हा माझा हट्ट नाही, या विषयाचा जन्मच तसा झाला आहे. अँटन बॉइसन नावाचे अमेरिकन पाळक १९२० मध्ये स्वतः तीव्र मानसिक आजाराने रुग्णालयात दाखल झाले होते. बरे झाल्यावर ते मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर इथल्या सरकारी मनोरुग्णालयात चॅपलेन झाले आणि १९२५ च्या उन्हाळ्यात त्यांनी सेमिनरीचे काही विद्यार्थी तिथे राहायला बोलावले. विद्यार्थी दिवसा वॉर्डात काम करत आणि संध्याकाळी रुग्णांविषयी चर्चा करत. ग्रंथ वाचतो तितक्याच काळजीने जिवंत माणूस वाचायला शिका, हे बॉइसन यांचं सांगणं होतं. त्यातून पुढे जी पद्धत उभी राहिली तिला क्लिनिकल पास्टोरल एज्युकेशन, म्हणजे सीपीई म्हणतात. आज अमेरिकेत तिचं एक युनिट किमान ४०० तासांचं असतं. त्यातला मोठा भाग रुग्णांजवळ जातो आणि उरलेला गटात नि मार्गदर्शकासमोर बसून.

या पद्धतीचं मुख्य हत्यार आहे व्हर्बेटिम. भेट संपल्यावर विद्यार्थ्याने आठवून संभाषण जसंच्या तसं लिहायचं. ती काय म्हणाली, मी काय म्हणालो, कुठे गप्प झालो, तेव्हा माझ्या पोटात काय झालं, सगळं. मग ते चार-पाच सहविद्यार्थी आणि मार्गदर्शक यांच्यासमोर वाचायचं. वर्गात दाखवण्यासाठी मी एक नमुना रचून ठेवला आहे, त्याचा तुकडा देते. पती वारल्याला चार महिने झालेल्या बाई आहेत आणि पाळक घरी भेटायला गेले आहेत.

बाई: पाळकसाहेब, खरं सांगू? आता चर्चला यावंसंच वाटत नाही.
पाळक: असं म्हणू नका मावशी. देव आपल्याला कधी सोडत नाही.
बाई: हो, ते आहेच. (थांबून) चहा टाकते.
पाळक: राहू द्या. आपण प्रार्थना करू.

संभाषण इथेच संपलं. कुणी चुकीचं बोललेलं नाही, वचनाविरुद्ध तर नाहीच. पण गटात हे वाचलं की मी विद्यार्थ्याला विचारते, ‘देव सोडत नाही’ या वाक्याची त्या क्षणी गरज कुणाला होती? बहुतेक वेळा विद्यार्थी बराच वेळ गप्प राहतो. मग हळूहळू बाहेर येतं की त्याची आई लवकर गेली, घरात त्याविषयी कुणी बोलायचं नाही, आणि विधवेच्या घरात बसलं की त्याला आजही घाम फुटतो. बाईंनी दार थोडं उघडलं होतं. ‘हो, ते आहेच’ म्हणून त्यांनी ते सभ्यपणे लावून घेतलं. ‘यावंसं वाटत नाही? काय होतं आल्यावर?’ इतकं विचारलं असतं, तर कदाचित कळलं असतं की पती ज्या बाकावर बसायचे तिकडे बघवत नाही, किंवा एकटीने शिरताना बायकांच्या नजरा बोचतात, किंवा देवावर राग आहे आणि तो बोलायची भीती वाटते. या तिन्हींना तीन वेगळी उत्तरं आहेत. प्रार्थना त्यानंतरही करता आली असती, आणि मग ती त्या बाईंची प्रार्थना झाली असती.

हे पुस्तकातून येत नाही. शंभर पानांचं टिपण काढलेला विद्यार्थीसुद्धा पहिल्या भेटीत ‘असं म्हणू नका’ म्हणतोच. ती सवय मोडायला कुणीतरी शेजारी बसून, प्रेमाने पण न सोडता, पुन्हा पुन्हा दाखवावं लागतं. म्हणून तपासणीच्या तासांविषयी मी एवढं बोलते आहे.

आता तुमच्या तीन वाटांकडे येते.

सेरामपूरच्या सिनेटचं (अनेक धर्मशास्त्र महाविद्यालयांना पदव्या देणाऱ्या संस्थेचं) एम.टीएच. हे बी.डी.नंतरचं दोन वर्षांचं शिक्षण आहे आणि शेवटी प्रबंध लिहावा लागतो. पाळकीय सेवा व समुपदेशन हा विषय बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजसारख्या मोजक्या ठिकाणी मिळतो. तुम्हाला पुढे सेमिनरीत शिकवायचं असेल, मराठीत या विषयावर लिहायचं असेल, तर ही वाट घ्या. मराठी मंडळ्यांना अशा माणसांची फार गरज आहे. पण तुम्ही लिहिलं आहे की परत गावातच यायचं आहे. तसं असेल तर प्रवेश घेण्याआधी स्पष्ट विचारा की, दोन वर्षांतला किती काळ रुग्णालयात, व्यसनमुक्ती केंद्रात किंवा मंडळीत काढावा लागतो आणि तिथे मार्गदर्शक कोण असतं. प्रबंध लिहिण्यातच वेळ गेला, तर तुम्ही विद्वान होऊन याल, आणि उपासनेनंतर थांबलेल्या त्या बाईंपुढे तितकेच अवघडून उभे राहाल.

मानसशास्त्रातल्या एम.ए.ने आजार ओळखायला शिकाल. उदासी आणि नैराश्य यांतला फरक, संशयाचा आजार कसा सुरू होतो, लहान मुलाचं गप्प होणं कधी गंभीर घ्यायचं, हे पाळकाला कळायलाच हवं. ही वाट तुम्ही घरी राहून, टपालाने करायचं मनात धरलं असेल तर मात्र थांबा. मुक्त, दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने मानसशास्त्राचे अभ्यासक्रम चालवणं यूजीसीने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून बंद केलं आहे, त्यामुळे आता वर्गात बसूनच करावं लागेल. दुसरं, एम.ए. झालं म्हणून ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ अशी पाटी लावता येत नाही. त्यासाठी वेगळं प्रशिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. समुपदेशकांसह अनेक आरोग्य व्यवसायांसाठी २०२१ चा केंद्रीय कायदाही आला आहे, त्याच्या नियमांकडे लक्ष ठेवा. तुम्ही पाळक म्हणूनच काम करणार असाल तर ‘पाळकीय समुपदेशक’ एवढंच म्हणवून घ्या. त्यात कमीपणा काहीच नाही.

परदेशी ऑनलाइन कोर्सविषयी मी सावध करीन. काही चांगले आहेत, मी त्यांचं साहित्य वापरते. पण अमेरिकेत चर्चच्या सेवेसाठीची ख्रिस्ती समुपदेशनाची पदवी वेगळी आणि राज्याचा परवाना मिळवून देणारी पदवी वेगळी. तिथल्या मान्यताप्राप्त परवान्याच्या अभ्यासक्रमात सहसा ६० क्रेडिट आणि एकूण ७०० तासांचं प्रत्यक्ष काम असतं. ऑनलाइन कोर्सच्या जाहिरातीत या दोन्हींची सरमिसळ असते. शिवाय त्यांची उदाहरणं नवरा-बायको आणि दोन मुलं एवढ्याच घराची असतात. आपल्याकडे लग्नाचा प्रश्न घेऊन बसलं की मागे सासरे, दीर, आत्या आणि विकलेल्या दोन एकरांचा हिशेब येतो. तो कुणाच्याच पडद्यावर दिसत नाही.

तुम्ही न विचारलेली चौथी वाट मला तुमच्यासाठी सगळ्यात योग्य वाटते. आधी निवासी, अनुभवाधारित प्रशिक्षण घ्या. वेल्लोरला ख्रिश्चन कौन्सेलिंग सेंटर आहे, पाळक, शिक्षक, परिचारिका यांना एकत्र बसवून शिकवण्याचं त्यांचं काम जुनं आहे. तिथल्याच ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या चॅपलेन विभागातही रुग्णांजवळ राहून शिकण्याची परंपरा आहे. कॅथलिक बंधुभगिनींकडून शिकायला लाजू नका. अँथनी डिमेलो या जेझुइट धर्मगुरूंनी शिकागोच्या लोयोला विद्यापीठात पाळकीय समुपदेशनाचा अभ्यास केला होता, आणि पुण्यात सुरू केलेली त्यांची साधना संस्था पुढे लोणावळ्याला गेली. स्वतःच्या आत बघायला शिकवणं हे तिचं बळ राहिलं आहे. व्यसनाचं काम समजून घ्यायचं तर पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र जवळ आहे, १९८६ पासून चालू आहे. ते ख्रिस्ती नाही, पण दारू पिणाऱ्या माणसाशी त्याचा मान राखून कसं बोलावं हे तिथे दिसतं. अशा काही महिन्यांनंतर तुम्हाला स्वतःलाच कळेल की एम.टीएच. हवं की एम.ए. तेव्हा घेतलेला निर्णय आजच्यापेक्षा पक्का असेल.

‘ख्रिस्ती’ हा शब्द अभ्यासक्रमात नेमकं काय करतो, हेही पाहावं लागतं. १९७० मध्ये जे अॅडम्स या अमेरिकन प्राध्यापकांनी अशी मांडणी केली की शरीराचा आजार नसेल तेव्हा माणसाच्या बहुतेक अडचणींचं मूळ पापात आहे आणि पाळकाने पवित्र शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, आधारे त्याला सावध करावं, मानसशास्त्राची गरज नाही. हा विचार आजही काही कॉलेजांतून शिकवला जातो. मी त्याच्याशी सहमत नाही. पाप खरं आहे, पश्चात्तापही खरा आहे, आणि त्यांविषयी बोलायला पाळकाने कचरू नये. पण नैराश्यात बुडालेल्या बाईला ‘तुमचा विश्वास कमी पडतो’ सांगणं म्हणजे तिच्या ओझ्यावर आणखी एक धोंडा ठेवणं आहे. दुसऱ्या टोकाचे अभ्यासक्रमही मी पाहिले आहेत. त्यांत सुरुवातीची प्रार्थना सोडली तर ख्रिस्ती असं काहीच उरत नाही.

पवित्र शास्त्र इथे फार खोल मदत करतं, फक्त ते उत्तर म्हणून फेकायचं नसतं. बायबलमधल्या ‘पहिले राजे’ या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात एलीया संदेष्टा रतामाच्या झुडुपाखाली बसून मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खायला देतो. बोलणं पुढे होरेब पर्वतावर होतं, आणि तेही प्रश्नाने सुरू होतं. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र अंधारातच संपतं, शेवटी आशेची ओळ नाही, तरी ते आपल्या प्रार्थनेच्या पुस्तकात आहे. ईयोबावर संकटं कोसळली तेव्हा त्याचे मित्र सात दिवस जमिनीवर गप्प बसले तोवर त्यांचं वागणं उत्तम होतं. मराठी ख्रिस्ती माणसाला तर याचं जवळचं उदाहरण आहे. दुष्काळातून आणलेल्या मुली आणि टाकलेल्या विधवा यांना पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये नुसती भक्ती दिली नाही. अन्न, अक्षरं, विणकाम, छपाईचं काम, स्वतःच्या हाताची कमाई दिली. मन सावरण्यात या सगळ्याचा वाटा असतो, आणि चांगल्या अभ्यासक्रमात तो शिकवला जातो.

आता पाळकाच्या खास अडचणीकडे येते. मानसशास्त्राच्या पुस्तकांत ही फारशी नसते. शहरातला समुपदेशक तासाभराने दार बंद करतो आणि समोरचा माणूस त्याला पुन्हा रस्त्यात दिसत नाही. तुम्ही मात्र त्याच माणसाला प्रभुभोजन देता, त्याच्या मुलीच्या लग्नाची सूचना मंडळीत वाचता, पंच कमिटीत त्याच्या शेजारी बसता, आणि त्याच्या बायकोने काल तुम्हाला काय सांगितलं ते तुम्हाला माहीत असतं. तुमच्या सहीच्या पत्रावर लोकांची कामं अडलेली असतात. अशा माणसापुढे खरं बोलणं सोपं नाही. म्हणून काही रेषा आधीच आखाव्या लागतात. ऐकलेलं उपदेशात वापरायचं नाही, नाव न घेतासुद्धा नाही, कारण तीन गावांत नाव सांगावं लागत नाही. स्त्रीशी बोलताना दार उघडं असावं, दिसेल पण ऐकू येणार नाही अशा जागी बसावं. लांबत जाणारं प्रकरण दुसऱ्या गावच्या पाळकाकडे किंवा समुपदेशकाकडे सोपवावं. आणि पाळकीणबाईंना (पाळकांच्या पत्नीला) या शिक्षणातून वगळू नका. निम्म्याहून अधिक बायका आधी त्यांच्याकडेच बोलतात. तुमच्या खर्चाच्या आराखड्यात त्यांच्या एखाद्या छोट्या निवासी कोर्सचे पैसे धरा, हे मी आग्रहाने सांगते.

गुप्ततेलाही मर्यादा आहेत आणि त्या पहिल्या वर्षातच शिकवल्या गेल्या पाहिजेत. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं प्रत्येकाला बंधनकारक आहे, पाळकालाही. न कळवल्यास कलम २१ खाली शिक्षा आहे. ‘मंडळीची बदनामी होईल’ हे कारण तिथे चालत नाही, आणि देवापुढेही चालू नये. वकिलाला अशिलाच्या बोलण्याबाबत साक्षीच्या कायद्यात जसं संरक्षण आहे, तसं पाळकाला नाही. घरात मारहाण होणाऱ्या स्त्रीला क्षमेचं वचन ऐकवून परत पाठवू नका. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली संरक्षण अधिकारी असतात, १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे. आधी तिचा जीव सुरक्षित करा. क्षमेविषयी ती स्वतः, तिच्या वेळेला, बोलेल.

बाधा, भूत, सैतान हे विषय टाळता येणार नाहीत, गावात तर नाहीच. घरचे लोक तरुण मुलाला धरून आणतात आणि म्हणतात, याच्यात काहीतरी शिरलंय. प्रार्थना जरूर करा. पण त्याला आवाज ऐकू येतात का, जेवतो का, झोपतो का, आधी असं झालं होतं का, हे विचारा आणि त्याच आठवड्यात जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार तज्ज्ञांकडे त्याच्याबरोबर स्वतः जा. चालू गोळ्या विश्वासाच्या नावावर बंद करायला कधीही सांगू नका. भूत काढण्यासाठी मारहाण करणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. कुणालाही साखळीने बांधून ठेवण्यावर २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम ९५ ने बंदी आहे, आणि मनोरुग्णांना मुक्कामी ठेवून सांभाळणाऱ्या जागेला नोंदणी लागते, तिला प्रार्थना भवन म्हटलं तरी. हे नियम मी विद्यार्थ्यांना पाठ करायला लावते.

आत्महत्येचा विचार असेल तर सरळ विचारायला शिका: ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जातो ही भीती खोटी आहे. उलट, कुणीतरी विचारलं याने माणूस मोकळा होतो. उत्तर ‘हो’ आलं तर त्याला एकटं सोडू नका, घरातलं कीटकनाशक उचलून न्या, विश्वासातल्या नातेवाइकाला बोलवा, डॉक्टरांकडे न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. हे शब्द वर्गात मोठ्याने, एकमेकांना विचारून, सराव करून बसवावे लागतात, कारण खऱ्या वेळी जीभ अडते.

भाषेविषयीही बोलायला हवं, ते कुणी सांगत नाही. वरचं जवळजवळ सगळं शिक्षण इंग्रजीत आहे. तुमची माणसं मात्र ‘डिप्रेशन’ म्हणून येणार नाहीत. ‘जीव रमत नाही’, ‘डोकं भणभणतं’, ‘छातीत धडधड होते’, ‘करमत नाही’ असं म्हणतील. व्हर्बेटिम लिहायची वेळ येईल तेव्हा बाईंचं वाक्य त्यांच्या मराठीतच लिहा, खाली हवं तर इंग्रजी द्या. भाषांतर केलं की त्यातला निम्मा त्रास गळून पडतो. मार्गदर्शकांना मराठी येत नसेल तरी हा आग्रह धरा. चांगला मार्गदर्शक अर्थ विचारील, आणि तो समजावून सांगताना तुम्हालाच तो नव्याने कळेल.

खर्चाबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही, पण पाळकाचा पगार मला माहीत आहे. धर्मप्रांताकडे अभ्यासरजेचा अर्ज वेळेत करा, आणि रजेच्या काळात घर राहील का, पगारातलं काय मिळेल, परत आल्यावर नेमणूक कुठे होईल, हे लेखी घ्या. शिकून आलेल्या समुपदेशकाला कार्यालयात बसवून ठेवल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत. तुमच्या अर्जात ‘परत याच मंडळ्यांत’ असं लिहिलं असेल तर बिशपांनाही निर्णय सोपा जातो.

शिकून आल्यावर सगळ्यात आधी एक माणूस शोधा, ज्याच्यापुढे तुम्ही महिन्यातून एकदा, नावं गाळून, आपल्या कठीण भेटी मांडाल. जालन्यात किंवा छत्रपती संभाजीनगरात एखादा मानसोपचार तज्ज्ञ, एखादी अनुभवी सिस्टर, तुमच्याच बॅचचा एखादा पाळक, कुणीही चालेल, पण त्याने गुप्तता पाळली पाहिजे आणि तुम्हाला ‘इथे तुम्ही घाईत होतात’ असं तोंडावर सांगितलं पाहिजे. अशा माणसाचं नाव शिकायला जाण्याआधीच तुमच्याकडे असेल, तर त्याच्याशी बोलूनच अर्ज भरा.